थांबलेल्या जॉबचा वेळ वाढत जातो, मग भट्टीत आधी कुठला लॉट घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओपन डाय फोर्जिंगचं, म्हणजे तापवलेलं स्टील प्रेसखाली दाबून घडवायचं मध्यम शॉप आहे, मेल्ट शॉपला रात्री ओतलेले इंगट, म्हणजे स्टीलचे ओतीव ठोकळे, सकाळी मोल्डमधून काढून गरम असतानाच फोर्ज शॉपकडे येतात. बोगी भट्टी (चाकांच्या गाड्यावरून माल आत ढकलायची) एकच, एका वेळी एकच लॉट आत जातो, बाकीचे बाहेर थांबतात, आणि थांबतील तसे गार होतात, म्हणून जो उशिरा आत जातो त्याला तापायला जास्त वेळ लागतो. एक्सेलमध्ये मात्र प्रत्येक लॉटचा वेळ फिक्स टाकलेला, त्यामुळे प्लॅन रोज तीन-साडेतीन तास मागे. छोटे लॉट आधी घेऊन बघितले, पटकन गार होणारे आधी घेऊन बघितले, कशानेच बसत नाही. शिवाय शेवटी ग्राइंडिंगलाही जॉबमागून जॉबला वेळ वाढत जातो आणि ड्रेसिंग, म्हणजे व्हील खरवडून पुन्हा धारदार करणं, कधी करायचं यावर रोज वाद होतात. तर क्रम लावायचा नियम काय?

मी बरीच वर्षं फोर्ज शॉप आणि मशीन शॉपचं प्लॅनिंग केलंय आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण आपल्याकडे प्लॅनिंग शिकवतात ते सगळं "जॉबचा वेळ ठरलेला आहे" असं धरूनच, आणि शॉप फ्लोअरवर ते क्वचितच खरं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, वेळ वाढतोय तो नेमका कशामुळे वाढतोय. तुम्ही भट्टी आणि ग्राइंडिंग एकाच प्रश्नात विचारलंय पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. भट्टीला वेळ वाढतो तो घड्याळामुळे, म्हणजे लॉट बाहेर किती तास थांबला त्यामुळे, त्याच्या आधी किती लॉट झाले याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. ग्राइंडिंगला उलटं आहे, तिथे जॉब रॅकवर चार दिवस पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, वेळ वाढतो तो शेवटच्या ड्रेसिंगनंतर व्हीलने किती जॉब खाल्ले त्यावर. पहिल्याला उत्तर आहे क्रम, दुसऱ्याला उत्तर आहे मध्ये थांबण्याची जागा. हे दोन्ही एकत्र करून "आमचा वेळ वाढतो" असं म्हटलं की मग कुठलाच नियम बसत नाही.

आता भट्टी. प्रत्येक लॉटला दोन आकडे लागतात. एक मूळ वेळ, म्हणजे लॉट मोल्डमधून काढल्या काढल्या थेट आत गेला असता तर किती तास लागले असते. दुसरा वाढीचा दर, म्हणजे बाहेर एक तास थांबला की तापायचा वेळ किती वाढतो. एक्सेलमध्ये तुमच्याकडे फक्त पहिला आकडा आहे, आणि सगळी गडबड दुसऱ्यामुळे होतेय.

आपण तीन लॉट धरू, आकडे हिशोबाला सोपे असे घेतो. क लॉट इन्सुलेटेड हूडखाली झाकून ठेवलेला आहे, मूळ वेळ २ तास, आणि झाकलेला असल्यामुळे दर तासाला फक्त ०.१ तास, म्हणजे ६ मिनिटं वाढतो. ख लॉट साध्या कार्बन स्टीलचे छोटे इंगट, मूळ वेळ ३ तास, पण छोटे असल्यामुळे झटकन गार होतात, तासाला ०.४ तास वाढ. ग लॉट हाय अलॉय, मूळ वेळ ६ तास, आणि तापमान खाली गेलं की पुढे सावकाशच तापवावं लागतं नाहीतर तडे जातात, म्हणून तासाला ०.५ तास वाढ.

एक्सेलच्या हिशोबाने तिन्ही मिळून ११ तास, क्रम कुठलाही लावा. प्रत्यक्षात काय होतं बघा. छोटा आधी, म्हणजे क, ख, ग असं घेतलं तर क २ तासांत बाहेर, ख ला ३ अधिक ०.८ म्हणजे ३.८ तास, घड्याळ ५.८ वर, ग ला ६ अधिक २.९ म्हणजे ८.९, एकूण १४.७ तास. जास्तीत जास्त वेगाने बिघडणारा आधी, म्हणजे ग, ख, क घेतलं तर ६, मग ५.४, मग ३.१४, एकूण १४.५४. दोन्ही जवळजवळ सारखेच वाईट, आणि तुम्हाला "कशानेच बसत नाही" असं वाटतंय ते याच्यामुळेच. आता ख, ग, क घ्या. ख ३ तासांत, ग ला ६ अधिक १.५ म्हणजे ७.५, घड्याळ १०.५ वर, क ला ३.०५, एकूण १३.५५. त्याच भट्टीत, त्याच लॉटवर, काहीही खर्च न करता छोटा-आधीपेक्षा १ तास ९ मिनिटं वाचली.

हा क्रम आला कुठून, तर मूळ वेळ भागिले वाढीचा दर. ख चा ३ भागिले ०.४ म्हणजे ७.५, ग चा ६ भागिले ०.५ म्हणजे १२, क चा २ भागिले ०.१ म्हणजे २०. लहान भागाकार आधी. बस, नियम एवढाच आहे. सिड ब्राऊन आणि उरी येचियाली यांनी १९९० मध्ये एका मशीनवर बिघडत जाणाऱ्या जॉबसाठी हा नियम नीट मांडला आणि त्याच्या थोडं आधी, १९८८ मध्ये, गुप्ता आणि गुप्ता यांनी हाच विषय काढला तेव्हा डोळ्यासमोर स्टीलचे इंगट आणि रोलिंगच होतं, म्हणजे तुमचा प्रश्न या विषयाच्या अगदी मुळाशीच आहे.

पण नुसता नियम पाठ करू नका, तो का चालतो ते कळलं तर कुठे चालणार नाही तेही आपोआप कळतं. दोन लॉट शेजारी शेजारी आहेत असं समजा, त्यांची अदलाबदल केली तर काय बदलतं? जो आधी जातो त्याच्या मूळ वेळाइतकं दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दुसरा आपल्या दराने बिघडतो. म्हणजे नुकसान आहे पहिल्याचा मूळ वेळ गुणिले दुसऱ्याचा दर. ख आधी घेतला तर ३ गुणिले ०.५ म्हणजे दीड तासाचं नुकसान, ग आधी घेतला तर ६ गुणिले ०.४ म्हणजे २.४ तासांचं. फरक ०.९ तास, ५४ मिनिटं. बाकीच्या सगळ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच येतात आणि कटतात. आता लक्षात येईल की नुसता छोटा-आधी का फसतो, तो फक्त पहिला आकडा बघतो, आणि नुसता पटकन-गार-होणारा-आधी का फसतो, तो फक्त दुसरा बघतो. ग लॉट वेगाने बिघडतो हे खरं पण तो आत गेला की सहा तास दार अडवून बसतो, त्या सहा तासांत ख ची वाट लागते.

सगळ्या लॉटचा दर सारखाच असेल तर हाच नियम छोटा-आधी होऊन जातो. आणि एक गंमतीशीर टोक असंही आहे की वेळ पूर्णपणे सुरुवातीच्या वेळेच्या पटीतच असेल, मूळ वेळ असा काही नसेलच, तर शेवटचा जॉब संपायची वेळ कुठल्याही क्रमाने तीच येते, कारण तो नुसता गुणाकार असतो. तिथे क्रमावर डोकं घालणं व्यर्थ. तुमच्या भट्टीला हे लागू नाही, पण दुसऱ्या कुठल्या विभागात क्रम बदलून आकडा हलतच नसेल तर एकदा हे तपासा.

आता असा भाग येतो जो शॉपमध्ये कुणालाच लवकर पटत नाही. वर आपण सगळे लॉट एकाच वेळी मोल्डमधून निघाले असं धरलं. खरं तर कुणी पहाटे पाचला निघालेला असतो, कुणी सातला. सुपरवायझर काय म्हणतो, "जो जास्त वेळ थांबलाय त्याला आधी घ्या, बिचारा गार होतोय". ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण हिशोब उलटा आहे. जो लॉट आधीच दोन तास थांबलाय त्याचा आजचा मूळ वेळच वाढलेला असतो आणि दर तोच राहतो, म्हणजे भागाकार बरोबर दोनने वाढतो, म्हणजे तो मागे ढकलला जातो.

दोन अगदी सारखे लॉट घ्या, मूळ वेळ ३, दर ०.४. एक आत्ताच आलाय, दुसरा दोन तास थांबलाय म्हणजे आत्ता घेतला तरी त्याला ३.८ लागणार. ताजा आधी घेतला तर ३ तास, मग जुन्याला ३.८ अधिक १.२ म्हणजे ५, एकूण ८. जुना आधी घेतला तर ३.८, मग ताज्याला ३ अधिक १.५२ म्हणजे ४.५२, एकूण ८.३२. एकोणीस मिनिटं तोटा, तेही एकाच जोडीत. सारख्या ग्रेडच्या, सारख्या मापाच्या लॉटमध्ये शेवटी आलेला आधी घ्यायचा, हे पहिले-आलेला-पहिला मनात मुरलेल्या माणसाला फार जड जातं, स्टोअरला आणि रंगाला, केमिकलला तो नियम अगदी योग्यच आहे, पण इथे नाही. हिशोबाला सोपं करायचं तर प्रत्येक लॉटचा भागाकार काढा, त्यात तो आत्तापर्यंत किती तास थांबलाय ते मिळवा, आणि त्या बेरजेने लावा.

मात्र इथे एक गोष्ट हिशोबाच्या वर ठेवा. काही ग्रेड असे असतात की ते ठरावीक तापमानाखाली जाऊच द्यायचे नसतात, हायड्रोजनमुळे आतून फ्लेक, म्हणजे बारीक भेगा, येतात किंवा नुसत्या थर्मल स्ट्रेसने तडा जातो. मेटलर्जीवाला म्हणाला की हा लॉट अमुक तापमानाच्या आत भट्टीत गेलाच पाहिजे तर तो गेलाच पाहिजे, भागाकार काहीही येवो. एक तास वाचवून एक इंगट स्क्रॅप करणं हा कुठल्याही हिशोबाने तोटाच. अशा लॉटवर आधी वेळेची मर्यादा लिहा, त्यांना त्यांच्या मर्यादेच्या आत जागा द्या, आणि नियम उरलेल्यांना लावा.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुस्तकी नियम इथे मोडतो आणि फायदा मोठा असतो. लॉट गार होत होत जातो पण कायमचा नाही, एकदा शॉपच्या तापमानाला आला की संपलं, त्यानंतर तो आठवडाभर पडून राहिला तरी तापवायचा वेळ वाढत नाही. म्हणजे प्रत्येक लॉटला तिसरा आकडाही असतो, पूर्ण गार लॉटचा वेळ. (आधी थांबलेल्या लॉटला मागे ढकलायचं ते यामुळे आणखीच पक्कं होतं, कारण तो त्या टोकाच्या जवळ पोचलेला असतो.)

आपला ख लॉट आठवा, छोटे कार्बन स्टीलचे इंगट. समजा पूर्ण गार अवस्थेतून तापवायलाही त्यांना ४ तासच लागतात. म्हणजे ३ पासून सुरू होऊन तासाला ०.४ ने वाढत अडीच तासांत तो ४ ला पोचला, पुढे काहीच नुकसान नाही. आता ख, ग, क ऐवजी ग, क, ख लावून बघा. ग ६ तास, क ला २.६, घड्याळ ८.६ वर, ख गार झालाय, ४ तास, एकूण १२.६. भागाकाराच्या नियमाने १३.५५ येत होते. जवळजवळ तासाभराची बचत, आणि ती झाली कशाने तर नियमाप्रमाणे जो पहिला होता त्यालाच उचलून शेवटी टाकल्याने.

म्हणजे प्रश्न फक्त "कोण आधी" एवढाच नाही, "कोणाला गार होऊ द्यायचं" हाही आहे. ज्यांचा गार आणि गरम वेळातला फरक कमी आहे असे लॉट मुद्दाम सोडून द्यायचे, बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांना भागाकाराने लावायचं. कुणाला सोडायचं हे शोधणं मात्र अवघड आहे. कुबियाक आणि व्हॅन डे व्हेल्डे यांनी १९९८ मध्ये दाखवलं की बिघाडाला अशी वरची मर्यादा आली की प्रश्न गणिताच्या दृष्टीने एनपी-हार्ड होतो, म्हणजे सगळ्या आकड्यांना चालेल असा झटपट सूत्रासारखा नियम मिळायची आशा सोडा.

पण त्याने घाबरायचं कारण नाही, कारण तुमच्याकडे दिवसाला लॉट किती? सहा, सात, फार तर आठ. आठ लॉटचे सगळे मिळून ४०,३२० क्रम होतात, साधा लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे तपासतो. दहाचे ३६,२८,८०० होतात, तेही काही सेकंदांचं काम. बाराला ४७,९०,०१,६०० होतात, तिथे जरा विचार करावा लागतो. तेव्हा महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी शॉपमधल्या एखाद्या नवीन इंजिनिअरला पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम लिहायला सांगा, सगळे क्रम काढायचे, प्रत्येक क्रमासाठी घड्याळ पुढे सरकवत जायचं, प्रत्येक लॉटला मूळ वेळ अधिक दर गुणिले थांबलेला वेळ, आणि गार वेळेपेक्षा जास्त झाला तर गार वेळ. ज्यांना तापमानाची मर्यादा आहे त्यांची मर्यादा मोडणारे क्रम फेकून द्यायचे. उरलेल्यातला सगळ्यात लहान. याच्यापुढे कुठलाही शहाणपणाचा नियम टिकत नाही, आणि तुमच्याच आकड्यांवर असल्यामुळे सुपरवायझरलाही पटतं.

आकडे आणायचे कुठून, हा खरा कष्टाचा भाग. भट्टीच्या लॉगशीटमध्ये चार्ज केल्याची वेळ आणि बाहेर काढल्याची वेळ असतेच, मोल्डमधून काढल्याची वेळ मेल्ट शॉपच्या रजिस्टरमध्ये असते, पण ही दोन रजिस्टर सहसा कुणी एकत्र ठेवून बघत नाही. ती एकत्र करा. प्रत्येक ग्रेड आणि मापाच्या गटासाठी एक तक्ता, एका कॉलममध्ये थांबलेले तास, दुसऱ्यात तापवायला लागलेले तास, आणि आलेख काढा. एक्सेलमध्ये इंटरसेप्ट फंक्शनने मूळ वेळ मिळेल आणि स्लोप फंक्शनने दर. पण आधी डोळ्याने आलेख बघाच, कारण उजवीकडे रेघ आडवी होत जाते, तोच गार वेळ, आणि ते बिंदू तसेच ठेवून सरळ रेघ बसवली तर दर खोटा कमी येतो. आडवे झालेले बिंदू बाजूला काढून मग रेघ बसवा.

दोन सापळे सांगतो. एक, बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर लॉट तयार झाला म्हणून बाहेर काढत नाही, शीटवर लिहिलेला वेळ पूर्ण झाला म्हणून काढतो, किंवा प्रेस मोकळा नाही म्हणून आत ठेवतो. मग लॉगशीटमधला वेळ हा तापण्याचा वेळच नाही. यासाठी काही दिवस तरी चार्ज करताना हातातल्या पायरोमीटरने पृष्ठभागाचं तापमान लिहून घ्या आणि लॉट ठरलेल्या तापमानाला कधी पोचला ती वेळ भट्टीच्या रेकॉर्डरवरून घ्या, तिथपासून पुढचा सोकिंगचा, म्हणजे उष्णता आतपर्यंत मुरायचा वेळ वेगळा धरा. फक्त पृष्ठभाग बघून फसू नका, मोठ्या इंगटचं पोट बराच वेळ गरम राहतं, म्हणून मापाप्रमाणे गट वेगळे ठेवायलाच हवेत. दुसरा सापळा जास्त छुपा आहे. जे लॉट जास्त थांबतात ते बहुतेक वेळा तेच असतात ज्यांना कुणी हात लावायला तयार नसतो, अवघड ग्रेड, वेडेवाकडे माप. मग आलेखात जास्त थांबल्यामुळे वेळ वाढला असं दिसतं आणि खरं कारण ग्रेड असतं. म्हणून वेगवेगळे ग्रेड एका आलेखात कधीच टाकू नका.

हेही बघा की थांबणंच कमी करता येतं का. क लॉटचा दर ०.१ आला तो हूडमुळे. ख किंवा ग वर हूड टाकला तर काय होईल ते त्याच प्रोग्राममध्ये दर बदलून बघा, हूड दोनच असतील तर ते कोणावर टाकायचे याचंही उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा ते उत्तर सगळ्यात महाग लॉट हे नसतं, तर जो क्रमात मागे आहे, दर मोठा आहे आणि अजून गार व्हायला वाव आहे तो असतो. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांनी हाच विचार टोकाला नेलाय, इंडक्शन फर्नेसचं स्टील कास्टरमधून बिलेट (लांब चौकोनी दांडे) होऊन निघालं की गरमच सरळ मिलमध्ये, पुन्हा तापवणं शक्य तितकं टाळायचं. तिथे मिल अडकली की तेवढ्या वेळात बिलेट गार होतात आणि अख्खा फायदाच जातो, म्हणून तिथे क्रमापेक्षा मिल न थांबणं हेच प्लॅनिंग. तुमच्याकडे मापं आणि ग्रेड इतके वेगवेगळे असल्यामुळे ते जमणार नाही, पण मेल्ट शॉपला सांगून ओतण्याचा आणि मोल्ड काढण्याचा क्रमच भट्टीच्या क्रमाला धरून लावता आला तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. मोल्डमध्ये इंगट बाहेरच्यापेक्षा सावकाश गार होतो, तेव्हा मोल्डची घाई नसेल तर सगळे एकदम काढून रांगेत उभे करायची गरजच काय?

डिस्पॅचचं काय, हेही कुणीतरी विचारणारच. वरचं सगळं "भट्टी लवकरात लवकर मोकळी करा" यासाठी आहे. एखाद्या लॉटची गाडी दुपारी दोनला लागणार असेल तर तो हिशोब वेगळा. वेळ ठरलेले असले की ड्यू डेटच्या क्रमाने लावलं तर सगळ्यात मोठा उशीर कमीत कमी होतो हे आपण शिकलो, पण वेळ वाढत जाणारे असले की ती खात्री राहत नाही. तसंच लॉटच्या महत्त्वाचं वजन धरून छोटा-आधी हा १९५६ चा स्मिथचा नियमही इथे जसाच्या तसा चालत नाही. तुमच्या आठ लॉटला पुन्हा तोच उपाय, सगळे क्रम तपासा आणि ड्यू डेट मोडणारे गाळा. क्रम दर पंधरा मिनिटांनी बदलू मात्र नका, एक लॉट आत गेला की बाकीच्यांचा एकदा हिशोब करा आणि पुढचे दोन पक्के करा, क्रेनवाल्याला आणि प्रेसवाल्याला पुढे काय येणार हे कळलं पाहिजे.

आता ग्राइंडिंग. इथे क्रमाचा फायदा थोडा, खरा फायदा ड्रेसिंग कुठे करायचं यात. व्हील ग्लेझ होत जातं, कापत नाही, नुसतं घासतं, मग ऑपरेटर फीड कमी करतो, स्पार्क-आउटचे, म्हणजे फीड न देता नुसते फिरवायचे पास वाढवतो, आणि जॉबमागे दोन-दोन मिनिटं वाढत जातात. समजा ड्रेसिंगनंतर प्रत्येक पुढच्या जॉबला आधीच्यापेक्षा २ मिनिटं जास्त लागतात, ड्रेसिंगला २० मिनिटं लागतात, आणि शिफ्टला १२ सारखे जॉब आहेत. ड्रेसिंग केलंच नाही तर जास्तीचा वेळ १३२ मिनिटं. मध्यावर एकदा केलं तर दोन्ही बाजूंचे मिळून ६० आणि ड्रेसिंगचे २०, म्हणजे ८०. दोनदा, चार-चारच्या तीन गटांत, ३६ आणि ४०, म्हणजे ७६. तीनदा केलं तर २४ आणि ६०, ८४. म्हणजे दोनदा.

दोन गोष्टी दिसतात यात. एक, गट समान ठेवायचे, "आता फारच वाईट झालं" म्हणेपर्यंत पहिला गट लांबवायचा आणि मग शेवटी घाईने दोनदा ड्रेसिंग करायचं यात सरळ तोटा आहे. दुसरं, ७६ आणि ८० मधला फरक नगण्य आहे, पण ८० आणि १३२ मधला नाही, तेव्हा एकदा की दोनदा यावर रोज भांडण्यात अर्थ नाही, एकदाही न करण्यावर भांडा. ली आणि लिऑन यांनी २००१ मध्ये अशा मधल्या थांबण्याचा, ज्याने मशीनचा वेग परत जागेवर येतो, हिशोब मांडलाय, तोच कटिंग टूलचं इन्सर्ट बदलण्याला, फिल्टर साफ करण्याला, रिअॅक्टरच्या जॅकेटची साफसफाई करण्यालाही लागतो. जॉब लहानमोठे असतील आणि वाढ टक्क्यांत होत असेल, म्हणजे प्रत्येक जागेला वेळ अमुक टक्के वाढतो, तर मोठे जॉब ड्रेसिंगच्या लगेच नंतर घ्या आणि छोटे ग्लेझ झालेल्या व्हीलवर ढकला.

याच्या बरोबर उलटी गोष्ट शिकण्याची, म्हणजे जॉब जॉबला वेळ कमी होत जाणं. नवीन पार्टचं सेटिंग, नवीन ऑपरेटर. विमानाच्या कारखान्यातल्या आकड्यांवरून राइट यांनी १९३६ मध्ये दाखवलं की संख्या दुप्पट झाली की नगामागचा सरासरी वेळ साधारण ८० टक्क्यांवर येतो, म्हणजे पहिल्याला ६० मिनिटं तर दोन नगांची सरासरी ४८, चारांची ३८.४, आठांची ३०.७. तिथे छोटे आधी आणि मोठे नंतर, कारण हात बसल्याचा फायदा मोठ्या जॉबवर जास्त मिळतो. तुमच्या ग्राइंडिंगला नवीन मुलगा बसला असेल तर एकाच वेळी व्हील बिघडत असतं आणि मुलगा सुधारत असतो, आणि नुसते एकूण वेळ बघून दोन्ही एकमेकांना झाकतात, वेळ स्थिर आहे असंच वाटतं. ड्रेसिंगच्या लगेच नंतरच्या पहिल्या जॉबचे वेळ तेवढे वेगळे काढून बघा, मुलाचं शिकणं त्यात स्वच्छ दिसेल.

पुढे दुसरी भट्टी आली तर वरचा भागाकार जसाच्या तसा चालणार नाही, कोण कुठल्या भट्टीत हा आणखी एक प्रश्न येतो आणि तो दोनच भट्ट्यांनाही कठीण आहे. पण सुरुवातीला भागाकाराने यादी लावा, जी भट्टी आधी मोकळी होईल तिला यादीतला पुढचा लॉट द्या, मग दोन-दोन लॉटची अदलाबदल करून बघत जा, जोपर्यंत वेळ कमी होतोय तोपर्यंत. आत्तासाठी मात्र उद्या सकाळपासून लॉट कार्डवर एक रकाना वाढवा, मोल्डमधून काढल्याची वेळ, आणि तो भरायचं काम मेल्ट शॉपच्या क्रेन हेल्परला द्या, फोर्ज शॉपच्या माणसाने अंदाजाने भरायचा नाही.